थोरल्या पेवातली ओ

१

माझ्या कादंबरीत शेवटाला कोणी जिवंत उरत नाही. वाचकांची ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यावरच माझं नाव झालं. सात कादंबऱ्या लिहिल्या, सातही बहामनी अमदानीतल्या. भुयारं, बुरजात चिणलेली माणसं, उपाशी मेलेल्यांचे पहारे, असला सगळा माल. पुण्याच्या एका परीक्षकानं लिहिलं होतं की हा लेखक आपल्याच पात्रांचा यम आहे. ते कात्रण मी जपून ठेवलंय.

एवढं करून भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. खंडाळ्याला लहानपणी मसणवटीतल्या चिंचा पाडून खाल्लेला मी माणूस. पुढं साताऱ्याला शाळामास्तर झालो, मास्तरकी सोडून सांगलीला आलो, तरी लोक मास्तरच म्हणत राहिले. भूत ही माझ्या लेखी मिठासारखी गोष्ट होती. रांधताना लागते, नुसती कोण खातो?

चव्वेचाळीस सालची दिवाळी झाली आणि मिरजेला माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. डॉक्टरांनी दम भरला. महिनाभर पट्टी सुटता कामा नये. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. एक झटका बसला तर डोळा गेला म्हणून समजा. सांगलीतल्या आमच्या गल्लीत दिवसभर कालवा, म्हणून शालूबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, हरिपूरला तवनाप्पाच्या हळदीच्या वखारीवरची खोली घेतली. जिना चढून वर एकच खोली, एक खिडकी, खिडकीखाली वखारीचं आवार.

त्या आवारात पेवं होती. हरिपूरची जमीन हळद पोटात ठेवते. वीस-बावीस फूट खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र पोट फुगलेलं. हळद भरायची, तोंडावर दगडी फाडी ठेवायची, वरून माती-शेणानं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही. फक्त आतली हवा मरते. उघडल्या उघडल्या जो उतरेल तो तिथंच बसतो आणि बसल्या जागी झोपतो.

म्हणून इथं एक रीत आहे. माणूस आत असेपर्यंत वरच्यानं हाक मारत राहायचं आणि आतल्यानं दर हाकेला ओ द्यायची. एक ओ चुकली की काही विचारायचं नाही, दोर ओढायचा. आणि पेव बंद करताना, आत कोणी नाही हे दहा जणांनी डोळ्यांनी पाहिलं असलं तरी, तोंडाशी वाकून तीन हाका मारायच्या. तिन्हींना ओ आली नाही तरच फाडी सरकवायची.

हे मला केरबानं सांगितलं. केरबा हा तवनाप्पाचा पेवात उतरणारा गडी, पंचेचाळिशीचा, आणि माझ्या आठव्या कादंबरीचा सगळ्यात कडक परीक्षक.

२

आठवी कादंबरी दुर्गादेवीच्या दुष्काळातली, पाचशे वर्षांपूर्वीची. बारा वर्षं पाऊस नाही असा तो काळ. गावात शेवटचं एक पेव उरलंय. धुळा नावाचा पेवकरी धान्य काढायला आत उतरलाय आणि तेवढ्यात शिवेवर घोडेस्वार दिसतात. पाटील ठरवतो की पेव आत्ताच्या आत्ता झाकायचं. धुळ्याला वर काढायला वेळ नाही. पण रीत तर मोडता येत नाही. म्हणून पाटील तीन हाका मारतो. धुळा तिन्ही वेळा ओ देतो. आणि पाटील गावाकडं वळून तिन्ही वेळा म्हणतो, "ओ आली नाही."

मला हा प्रसंग सुचला तेव्हा मी स्वतःवरच खूश होऊन पट्टीखाली हसलो होतो. तीन हाका, तीन प्रकरणं, मग फाडी.

आमचा क्रम ठरलेला होता. जेवणं झाली की मी उशा लावून उताणा पडायचो आणि शालूबाई खिडकीशी बसायची. लढाईमुळं कागद मिळत नव्हता. माझ्या मास्तरकीतल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ती लिहायची. मी सांगायचो, ती उतरवायची. चार वाजता केरबा हातपाय धुऊन उंबऱ्यावर येऊन टेकायचा आणि ती त्याला दिवसाचं लिखाण वाचून दाखवायची. त्याच्या बदल्यात ती त्याच्या पोराची, अर्जुनाची पत्रंही वाचून द्यायची. अर्जुना पलटणीत होता, इटलीत. तीन महिन्यांत त्याचं पत्र आलं नव्हतं. शालूबाईनं केरबाच्या नावानं त्याला चार पत्रं धाडली होती.

त्या दुपारी मी पहिली हाक सांगितली. पाटील वाकला, तोंडाशी हात धरला आणि म्हणाला, आत कोण हाय का? मग मी थांबलो. धुळा कसा ओ देईल याचा विचार करत होतो. शब्द कोणता, आवाज कसा.

"झालं लिहून," शालूबाई म्हणाली. "वाचू?"

"वाच."

"आत कोण हाय का? हाय!"

"ते 'हाय' कुणी सांगितलं तुला?"

"आवं, तुमीच बोलला की. घसा कोरडा पडल्यागत. मला वाटलं सोंग आणून सांगताय." जरा वेळानं ती म्हणाली, "आन् तुमची हाक पुरती झालीबी न्हवती, तवर मधीच ओ दिली. मला घाईघाईनं वरखाली लिवाय लागलं."

मी मनाशी म्हटलं, गुंगीत माणूस बरळतो, डोळ्यांत घालायची औषधं कडक असतात. शिवाय शब्द बरोबर होता. नुसतं 'हाय'. मीसुद्धा याहून चांगलं काही सुचवू शकलो नसतो. तो ठेवला.

३

दुसऱ्या दिवशी हाक सांगून झाली की मुद्दाम जिभेचं टोक दातांत धरायचं, असं मी ठरवलं. दुसरी हाक सांगितली. "पाटील पुन्हा वाकला आणि म्हणाला, आत कोण हाय—"

"हाय!"

माझी जीभ दातांत धरायची राहिली होती, कारण माझा 'का' अजून म्हणायचा होता. आवाज खोलीतून आला नव्हता. खिडकीखालून, आवारातून आला, आणि त्याहीखालून. मातीला तोंड लावून कोणी बोलावं तसा.

शालूबाईचा टाक थांबला.

"आता तुमी न्हाई बोलला," ती म्हणाली.

"नाही. खिडकीतून बघ."

ती उठली. तिच्या बांगड्या गजावर वाजल्या. "कोण न्हाई. आवार मोकळं हाय. थोरल्या पेवाच्या फाडीवर कोंबडी बसलीया."

थोरलं पेव म्हणजे बरोबर आमच्या खिडकीखालचं. चार वर्षं उघडलेलं नव्हतं. बाहेर रणरणती दुपार होती हे मला कपाळावरच्या उन्हानं कळत होतं. मी मास्तरासारखा एकेक कारण तपासत गेलो. विहिरीचा घुमारा म्हणावा तर विहीर वखारीच्या पलीकडं. तवनाप्पाची थट्टा म्हणावी तर तवनाप्पा उभ्या जन्मात कुणाची थट्टा करणारा माणूस नव्हे. उरला केरबा.

चार वाजता केरबा आला. मी त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा अर्जुनाची शपथ घ्यायला निघाला, तेव्हा मीच थांबवलं. पोराची शपथ घेऊन खोटं बोलणाऱ्यांतला तो नव्हता.

शालूबाईनं प्रकरण वाचलं. नेहमी तो मध्येमध्ये "आगाबाबा" म्हणायचा. त्या दिवशी नुसता नखानं उंबरा खरवडत राहिला. संपल्यावर म्हणाला, "मास्तर, त्यानं ओ दिली न्हवं?"

"दिली."

"दोनदा?"

"दोनदा. उद्या तिसऱ्यांदा देईल."

"मग काढा की त्याला वर."

"पाटील म्हणतो ना, ऐकली नाही."

"पाटील मेला मुडदा त्यो! आवं, ओ आली की काढायचा. त्यात कुणाचं काय म्हनणं न्हाई. आमच्यात वैर असलं तरी ओ आली की काढत्यात."

"केरबा, ही कादंबरी आहे."

"आसंल. पर पेव खरं हाय." तो उंबऱ्यावरून उठला. "हाक मारून मारून ओ येईना म्हंजी काय असतंय, ते मला इचारा. आन् हितं बिचारा ओ देतोय तर तुमी ऐकून घेईना."

मला राग आला. सात कादंबऱ्यांत मी कुणाचं ऐकलं नव्हतं. "माझ्या कादंबरीतून कोणी वर येत नाही," मी म्हणालो. तो जिना उतरून गेला. पावलं थोरल्या पेवापाशी जरा थांबली असं मला वाटलं.

४

तिसरी हाक मी सांगितली नाही. शालूबाईला म्हणालो, डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी म्हणालो, कंबर दुखतेय. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच नाही.

डोळे बांधलेल्या माणसाला कान फार असतात. मी पडून ऐकत राहायचो. आणि मला कळलं की ओ फक्त माझ्या कादंबरीतल्या पाटलाला येत नाही. आवारात कोणी कुणालाही हाक मारली तरी येते. तवनाप्पाची बायको गुणमाला, तिला तो ओसरीवरून हाक मारायचा, "गुणमाला—" आणि तिच्या "आलेऽ"च्या आधी, नावातला 'ला' अजून त्याच्या तोंडात असताना, खालून हलकेच यायचं, "हाय." रस्त्यावरून कोणी गाडीवाल्याला साद घालायचा, तरी "हाय." दर वेळी हाक संपायच्या आत. खरा माणूस हाक ऐकतो, मग बोलतो. हा ऐकत नव्हताच. हा ओ तोंडात धरून बसला होता, आणि कुणीही तोंड उघडलं की ती सुटत होती.

बाकी कुणाच्या ती ध्यानात येत नव्हती, कारण बाकीच्यांना डोळे होते आणि कामं होती.

मला भीती वाटली, हे कबूल करतो. दुपारी दोन वाजता, अंगावर ऊन असताना, खाली हळद निवडणाऱ्या बायका हसत असताना मला घाम फुटायचा. त्याहून जास्त लाज वाटायची. भूत मानायला एक वेळ हरकत नाही, पण स्वतःच्याच कादंबरीतलं भूत मानायचं म्हणजे अतीच झालं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की मला त्याचा आवाज ओळखू यायला लागला. 'हाय'च्या आधी तो श्वास घेत नसे. माणूस बोलताना आधी थोडी हवा ओढतो. तिथं ओढायला हवा नसावी.

त्याच आठवड्यात हळदीचा भाव चढला आणि तवनाप्पा वर येऊन सांगून गेला, "मास्तर, थोरलं पेव फोडतोय. जरा धुरळा हुईल. आक्कांना सांगा, खिडकी लावून घ्या म्हणावं."

"आत कोण उतरणार?"

"केरबाच की. दुसरं कोण?"

५

फाडी आदल्या दिवशी काढली. पहारीचा आवाज, मग दगड मातीवर घासल्याचा आवाज, मग काहीच नाही. थोड्या वेळानं खिडकीतून हळदीचा कोमट वास वर आला, घरात लग्न असल्यासारखा.

आतली मेलेली हवा हलावी म्हणून पेवात कडुलिंबाचे डहाळे दोराला बांधून वरखाली फिरवले. एरवी कंदील सोडून बघतात, विझला तर उतरत नाहीत. पण रॉकेल शिधापत्रिकेवर, आणि तवनाप्पाच्या घरी बाटलीभर उरलेलं. केरबाच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, मी ओ देतोय की." रात्रभर तोंड उघडं ठेवलं की पुष्कळ झालं, असं सगळ्यांनी ठरवलं.

सकाळी केरबा उंबऱ्यावर आला. आमचं चार दिवस धड बोलणं नव्हतं.

"मास्तर, तुमच्या धुळ्याच्या घरला जाऊन येतो," तो म्हणाला.

"केरबा, जाऊ नकोस."

"का वं?"

काय सांगणार? सातवीपर्यंत शास्त्र शिकवलेला मी मास्तर. "कंदील सोडा आधी," मी म्हणालो.

तो हसला. "घाबरू नगासा. मी ओ दिल्याबिगर ऱ्हातोय व्हय?"

दहाच्या सुमाराला तो उतरला. कंबरेला दोर, दोराचं टोक तवनाप्पाच्या आणि दोन गड्यांच्या हातात. मी शालूबाईला खिडकी उघडायला लावली आणि उशांवरून मान तिकडं केली. तवनाप्पाची हाक आली.

"केरबा, हाय का रं?"

मग मध्ये एक लहानशी जागा, श्वास ओढण्याएवढी. मग आतून, घुमून, "हाय!"

तो केरबा होता. माझा जीव जरा भांड्यात पडला. पहिली पाटी वर आली, हळद ओतल्याचा खडखडाट झाला. पुन्हा हाक, पुन्हा ती लहानशी जागा, पुन्हा "हाय!" दुसरी पाटी. मी प्रत्येक हाकेनंतरची जागा मोजत होतो. शालूबाई शेजारी बसून माझा हात धरून होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं आणि तिनं काही विचारलं नव्हतं.

"केरबा, हाय का—"

"हाय!"

जागा नव्हती.

गडी हसले. तवनाप्पा म्हणाला, "घाईला आलाय गडी. भूक लागली वाटतं." जरा वेळ गेला. पाटी वर आली नाही. "केरबा, हाय—"

"हाय!"

श्वास न ओढता. कोरडा. मातीच्या आतून.

मी उठून बसलो. "काढा!" मी ओरडलो. "तवनाप्पा, दोर ओढा!"

"काय झालं मास्तर?"

"केरबाला वर काढा!"

"आवं, ओ येतीया की!" तवनाप्पा खालून म्हणाला, आणि मला पटवायला त्यानं पुन्हा हाक मारली, आणि हाक तोंडातून पुरती सुटायच्या आत खालून "हाय!" आली. "ऐकलासा? हाय त्यो. ओ देतोय."

सगळ्यांना ऐकू आली होती. रीत पाळली गेली होती. ओ येत होती तोवर कोणी दोर ओढणार नव्हतं, आणि ती ओ पाचशे वर्षं थांबली नव्हती.

६

जिना मला पायऱ्या मोजून माहीत होता. मी भिंतीला तळवा लावून धावलो. शालूबाई मागून "डोळं! आवं डोळं!" म्हणून किंचाळत होती. शेवटची पायरी चुकली, मी गुडघ्यावर पडलो, डाव्या डोळ्यात तापलेली सळई शिरल्यासारखं झालं. उठलो. हळदीच्या वासाच्या दिशेनं गेलो.

"ओ आली नाही!" मी गळा फाडून ओरडलो. "ओ आली नाही! ओ आली नाही!"

ओरडतानाच कळलं की हे कुणाचं वाक्य आहे. माझ्या पाटलाचं. धुळ्याला गाडायला मी त्याच्या तोंडी घातलेलं. पण त्या आवारात केरबाला वर आणील असं दुसरं कुठलंच वाक्य नव्हतं, म्हणून मी तेच ओरडत राहिलो.

दोर माझ्या हाताला लागला. मी ओढला. तवनाप्पा म्हणत होता, मास्तर, येड लागलं का काय. पण मी ओढतोय म्हटल्यावर त्यानंही ओढला. त्याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी आहे.

"आयला," एक गडी म्हणाला, "दोन माणसांचं वजन लागतंय."

दोर येईना. हाताची सालटी गेली. चौघं ओढत होतो आणि दोर वीतवीत येत होता. केरबा ओ देत नव्हता आणि आता दुसरंही कोणी देत नव्हतं. मी पेवाच्या तोंडाशी वाकलो. पहिल्या दिवसापासून डॉक्टरांनी जे जे करू नको म्हणून सांगितलं होतं ते सगळं करत होतो. त्या अंधारात तोंड घालून मी हाक मारली. तिसरी हाक. जी मी चार दिवस सांगायची टाळली होती.

"धुळ्या!" मी म्हणालो. "ऐकली! मी ऐकली! वर ये!"

दोर एकदम हलका झाला. आम्ही सगळे मागं कोलमडलो. केरबा खालून कोणी उचलून द्यावा तसा तोंडातून वर आला, कंबरेपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत.

कोलमडताना माझी पट्टी सरकली होती. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला चष्म्याशिवाय काही नीट दिसत नाही. एक पिवळा उजेड, एक काळा गोल. हे मी डॉक्टरांना सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो. त्या काळ्या गोलातून केरबाचे पाय येत होते. आणि त्याच्या दोन्ही तळपायांखाली दोन पंजे होते. फार बारीक, हळदीनं माखलेले, बोटं ताणलेली. ते त्याला वर ढकलत होते. केरबाचे पाय बाहेर आले तेव्हा पंजे तसेच राहिले, रिकामे, उजेडाच्या कडेला.

मग शालूबाईनं पदर माझ्या डोळ्यांवर दाबला.

केरबाच्या तोंडावर पाणी मारल्याचं मी ऐकलं. छाती चोळल्याचं ऐकलं. गुणमाला तिच्या देवाचं नाव घेत होती. आणि मग, मध्ये एक लांबलचक जागा सोडून, हवा ओढल्याचा आवाज आला. मोठा, ओला, केरबाचाच. आवारातल्या बायका रडायला लागल्या आणि गड्यांनी आरोळ्या ठोकल्या. मीही ओरडलो. आयुष्यात इतका आनंद मला माझ्या कुठल्या पुस्तकानं दिला नव्हता. एका हातानं पदर धरून मातीत बसल्या बसल्या मी शिट्टी मारली, मास्तरकीत पोरांना जिच्यासाठी छड्या दिल्या तसली.

७

डावा डोळा गेला. उजवा राहिला. डॉक्टर माझ्यावर भडकले आणि मी हसतोय म्हणून आणखी भडकले. बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचेचा चष्मा मिळाला. त्यातून पहिल्यांदा नीट पाहिलं ते उंबऱ्यावर बसलेल्या केरबाचं तोंड. मला वाटलं होतं त्याहून तो बराच कुरूप निघाला, आणि मी त्याला तसं सांगितलं.

त्याला फार काही आठवत नव्हतं. "दुसरी पाटी भरली, मग लय झोप आली," तो म्हणाला. "वर तवनाप्पा हाक मारत हुता. मला त्वांड उघडवंना. तर कोण तरी माझ्या जागी ओ देत हुतं. मी म्हनलं, देऊ दे बापडा."

ती ओ केरबाला मारायला होती की त्याच्या वतीनं होती, हे मला आजही ठाऊक नाही. पाचशे वर्षं ज्याची ओ कुणी घेतली नाही तो मिळेल त्या हाकेला ओ देणारच. एवढंच मी स्वतःला सांगतो आणि पुढं जात नाही.

तिसरं प्रकरण मी सांगितलं, शालूबाईनं लिहिलं. पाटील गावाकडं वळून म्हणतो, ओ आली नाही. तेव्हा राहीबाई नावाची एक म्हातारी, जिला मी आधीच्या तीनशे पानांत फक्त दळताना दाखवली होती, पुढं येऊन म्हणते, "मी ऐकली." मग दुसरा म्हणतो, मी ऐकली. मग सगळं गाव म्हणतं. शिवेवर घोडेस्वार आणि गाव दोराला लागलेलं. सांगताना मी रडलो. चांगल्या डोळ्याला अपाय होईल म्हणून शालूबाई रागावली आणि तीही रडली.

प्रकाशकाचं पत्र आलं. शेवट तुमच्यासारखा वाटत नाही, बदलता येईल का? मी उलट टपाली लिहिलं, नाही.

आणखी एक पत्र आलं, अर्जुनाचं. मुक्काम बरा आहे, थंडी फार आहे, पायाला लागलं होतं ते बरं झालं. तारीख सप्टेंबरातली. आमचं पहिलं पत्र त्याला निघालं ते नोव्हेंबरात. केरबानं ते शालूबाईकडून तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाला, "बघा, आमी इचारायच्या आदीच त्यानं ओ दिल्याली."

माघात थोरलं पेव रिकामं झालं. रिकामं पेवसुद्धा उघडं ठेवत नाहीत. फाडी सरकवायच्या दिवशी मी चष्मा लावून खाली गेलो. स्वच्छ ऊन होतं. तवनाप्पा होता, ते दोन गडी होते, शालूबाई जिन्याच्या पायरीवर उभी होती. हाका मारायचा मान केरबाचा. तो तोंडाशी वाकला.

"आत कोण हाय का?"

आम्ही थांबलो. काही नाही. फक्त केरबाचा आवाज तळाशी जाऊन परत आला.

"आत कोण हाय का?"

काही नाही. तवनाप्पा पायानं खडे चाळवत होता.

केरबानं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. तो तिसऱ्यांदा वाकला.

"आत कोण हाय—"

"न्हाई! आत कोण न्हाई!"

आवाज पेवातून आला नव्हता. आमच्या पाठीमागून आला, फाटकाच्या पलीकडून, नदीकडं जाणाऱ्या वाटेवरून. मोकळा, खणखणीत, भरपूर हवा ओढून मारलेला. हाक संपायच्या जरा आधी. आम्ही सगळे वळलो. वाट रिकामी होती, दोन्ही बाजूंना ऊस उभा होता.

"कोण रं त्यो?" तवनाप्पानं विचारलं.

केरबा हसत होता. मीही हसत होतो.

"हाय एक वळखीचा," केरबा म्हणाला, आणि त्यानं फाडी सरकवली.